खाडीत सोडलेलं मीठ: निःक्षारीकरण प्रकल्पाचे कागद कसे वाचायचे, काय मोजायचं, कोणत्या अटी मागायच्या

किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प येणार म्हटलं की सगळी चर्चा रोज किती पाणी मिळणार याभोवती फिरते. मागे उरलेलं तीव्र खारट पाणी, म्हणजे ब्राइन, कुठे जाणार हे अहवालाच्या कुठल्या तरी परिशिष्टात असतं. प्रकल्प उघड्या, खोल समुद्राकाठी असेल तर त्याचं उत्तर बऱ्यापैकी सोपं असतं. पण अरुंद तोंडाच्या उथळ खाडीत किंवा आखातात गणित बदलतं, आणि नेमकं तेच अहवालात धड मांडलेलं नसतं.

हा लेख पहिल्यांदाच अशा कागदांना हात घालणाऱ्यांसाठी आहे: मच्छीमार संस्था, काठावरचे रहिवासी, विद्यार्थी, स्थानिक प्रतिनिधी. साध्या कॅल्क्युलेटरवर जमेल इतकंच गणित यात आहे. वाचताना दोन प्रश्न वेगळे ठेवा. विसर्गाच्या तोंडाशी ब्राइन किती पातळ होतं, हा पहिला. ते मीठ खाडीतून बाहेर कधी पडतं, हा दुसरा. बहुतेक अहवाल पहिल्याचं उत्तर देऊन थांबतात. खाडीचं भवितव्य मात्र दुसऱ्यावर ठरतं.

## १. आधी कागद मिळवा

जाहीर सुनावणीची तारीख लागण्याची वाट पाहू नका. पुढची कागदपत्रं लेखी अर्ज करून, परिशिष्टांसकट मागा. सारांश अहवालावर समाधान मानू नका, कारण कामाचे आकडे त्यात नसतात.

- पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अहवाल, सर्व परिशिष्टांसह
- विसर्ग परवान्याचा मसुदा
- पाणी ओढण्याच्या आणि सोडण्याच्या रचनेचे नकाशे: खोली, अंतर, तोंडांची संख्या, व्यास आणि कोन
- प्रवाह आणि क्षारता यांच्या संगणकीय मॉडेलचा अहवाल, पडताळणीच्या आलेखांसह
- रसायनांचा तक्ता: कोणतं, किती, किती वेळा, आणि शेवटी कुठे जातं
- खाडीच्या तळाचा नकाशा आणि किमान वर्षभराच्या भरती-ओहोटीच्या नोंदी
- जैविक पाहणी: समुद्री गवत, शिंपले, माशांची अंडी आणि पिल्लं, महिन्यांनुसार

शेवटच्या कागदात नेहमी एक मेख असते. पाहणी एकाच मोसमात, चार-पाच दिवसांत उरकलेली असते. मासे अंडी घालतात तो काळ त्यात आला नसेल तर "संवेदनशील प्रजाती आढळल्या नाहीत" या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

## २. मिठाचा हिशोब स्वतः मांडा

रिव्हर्स ऑस्मोसिसच्या (दाबाने बारीक पडद्यातून, म्हणजे मेम्ब्रेनमधून, पाणी गाळण्याच्या) प्रकल्पात ओढलेल्या समुद्राच्या पाण्यापैकी साधारण ४० ते ५० टक्के गोडं होतं. या प्रमाणाला रिकव्हरी म्हणतात. ब्राइनची क्षारता काढायला समुद्राच्या क्षारतेला (१ वजा रिकव्हरी) ने भागा. समुद्र ३५ आणि रिकव्हरी ४५ टक्के असेल, तर ३५ ÷ ०.५५ = ६३.६. म्हणजे आसपासच्या पाण्यापेक्षा २८.६ ने जास्त. (क्षारता म्हणजे किलोभर पाण्यामागे किती ग्रॅम क्षार.)

पूर्ण लेखात एकच काल्पनिक उदाहरण वापरतो. रोज १ लाख घनमीटर गोडं पाणी देणारा प्रकल्प. त्यासाठी तो रोज सुमारे २ लाख २२ हजार घनमीटर पाणी ओढेल आणि १ लाख २२ हजार घनमीटर ब्राइन सोडेल, म्हणजे सेकंदाला साधारण १.४ घनमीटर.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण सुनावणीत इथेच गोंधळ घातला जातो. "आम्ही रिकव्हरी कमी ठेवू, म्हणजे ब्राइन सौम्य होईल" असं सांगितलं जातं. ब्राइन सौम्य होतं हे खरं. पण खाडीत पडणारं जादा मीठ तेवढंच राहतं. प्रकल्पाने जेवढं गोडं पाणी काढून नेलं, तेवढ्या पाण्यातलं मीठ मागे राहिलं. रिकव्हरी कितीही धरा, हा आकडा हलत नाही. आपल्या उदाहरणात तो रोजचा साडेतीन हजार टनांच्या घरात जातो. उलट रिकव्हरी कमी केली की पाणी जास्त ओढावं लागतं आणि त्यासोबत जास्त अंडी-पिल्लं मरतात.

ताडून पाहायला आणखी एक सोपी युक्ती आहे. खाडीचं क्षेत्रफळ ४० चौरस किलोमीटर धरा. १ लाख घनमीटर भागिले ४० चौरस किलोमीटर म्हणजे अडीच मिलिमीटर. खाडीच्या पूर्ण पृष्ठभागावरून रोज अडीच मिलिमीटर जादा बाष्पीभवन होतंय असं समजा. कोरड्या, उष्ण प्रदेशातल्या खाडीत आधीच बाष्पीभवन पावसावर आणि नद्यांवर मात करत असतं. तिथे ही भर छोटी नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं स्पेन्सर आखात हे अशा खाडीचं नेहमीचं उदाहरण. तिथे तोंडाकडून आत जावं तशी क्षारता वाढत जाते. त्याच आखाताच्या वरच्या भागात, पॉइंट लोलीजवळ, महाकाय कटलफिश दर हिवाळ्यात अंडी घालायला जमतात. जवळच निःक्षारीकरण प्रकल्पाचा प्रस्ताव आला तेव्हा वाद पेटला तो त्यामुळेच.

## ३. खाडी किती दिवसांत पाणी बदलते ते काढा

पूर्ण तपासणीत सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. तीन आकडे लागतात: खाडीत सरासरी किती पाणी असतं, एका भरतीला किती पाणी आत येतं, आणि ओहोटीला बाहेर गेलेल्यापैकी किती टक्के पुढच्या भरतीला तसंच परत येतं.

आपली खाडी सरासरी ३ मीटर खोल, म्हणजे १२ कोटी घनमीटर पाणी. भरती-ओहोटीतला फरक ०.३ मीटर, म्हणजे दर भरतीला १.२ कोटी घनमीटर. बाहेर गेलेल्यातलं निम्मं परत येतं असं धरलं, तर दर फेरीला खरोखर नवं पाणी ६० लाख घनमीटर. १२ कोटी ÷ ६० लाख = २० फेऱ्या. एक फेरी १२.४ तासांची, म्हणजे सुमारे १० दिवस.

आता खाडीची सरासरी क्षारता किती वाढेल? ३५ × १ लाख × १०.३ दिवस ÷ १२ कोटी = ०.३. फार वाटत नाही. पण परत येणारं पाणी निम्मं नसून ८० टक्के असेल तर पाणी बदलायला २६ दिवस लागतात आणि वाढ ०.७५ होते. ही झाली सरासरी, वर आणि खाली पाणी पूर्ण मिसळलंय असं धरून. प्रत्यक्षात जड पाणी तळाशी साचतं आणि खाडीच्या आतल्या टोकाला पाणी सरासरीच्या कितीतरी पट उशिरा बदलतं.

इथे सापळा असा की अहवालात उधाणाच्या भरतीचे किंवा वर्षाच्या सरासरीचे आकडे घेतलेले असतात. तुम्ही भांगाच्या भरतीचे मागा: अर्धा चंद्र असतानाचे, जेव्हा पाणी सगळ्यात कमी हलतं. त्यातही वारा पडलेला, उन्हाळ्याचा, पावसाचं पाणी न आलेला पंधरवडा. खाडीची परीक्षा त्या दिवसांत होते.

## ४. विसर्गाची तोंडं तपासा

समुद्राचं पाणी साधारण १,०२५ किलो प्रति घनमीटर असतं, ६३.६ क्षारतेचं ब्राइन त्याहून सुमारे २२ किलोने जड. नुसतं पाइपातून सोडलं तर ते खाली बसतं आणि तळाच्या उताराने, खोल घळी धरून वाहत जातं. म्हणून डिफ्यूझर लावतात: पाइपावर बसवलेली छोटी तोंडं, आडव्यापासून साधारण ६० अंशांत वर रोखलेली. फवारा उंच जातो, कमानीसारखा खाली येतो आणि वाटेत आसपासचं पाणी ओढून घेतो.

तो किती पातळ होईल हे फ्रूड क्रमांकावरून (फवाऱ्याचा जोर आणि जड पाण्याला खाली खेचणारा ओढा यांच्या प्रमाणावरून) कळतं. आधी घनतेतल्या फरकाचा ओढा: ९.८१ × २२ ÷ १,०२५ = ०.२१. याला तोंडाच्या व्यासाने गुणा, वर्गमूळ काढा आणि फवाऱ्याच्या वेगाला त्याने भागा. स्थिर पाण्यात ६० अंशांच्या फवाऱ्यासाठी प्रयोगांतून मिळालेले गुणक असे:

- कमानीचा माथा = २.२ × व्यास × फ्रूड क्रमांक
- फवारा तळाला टेकतो तिथे पातळ होण्याचं प्रमाण = १.६ × फ्रूड क्रमांक
- जवळच्या पट्ट्याच्या (फवाऱ्याच्या स्वतःच्या जोराने पाणी मिसळतं तेवढ्या भागाच्या) शेवटी = २.६ × फ्रूड क्रमांक

समजा अहवालात १५ सेंटिमीटर व्यासाची १६ तोंडं आणि ५ मीटर प्रति सेकंद वेग आहे. फ्रूड क्रमांक २८ येतो. टेकताना ब्राइन ४५ पट पातळ, म्हणजे जादा क्षारता २८.६ ÷ ४५ = ०.६४. उत्तम आकडा. आता माथा काढा: २.२ × ०.१५ × २८ = ९.३ मीटर. तुमच्या खाडीत त्या जागी पाणी ६ मीटर असेल तर फवारा पृष्ठभागावर आदळेल, कमान पूर्ण होणार नाही, आणि ४५ हा आकडा कागदावरच राहील. ही चूक शोधायला पाच मिनिटं पुरतात, म्हणून आधी हीच तपासा.

६ मीटर पाण्यात बसवायचं तर १० सेंटिमीटरची तोंडं आणि ३ मीटर वेग घ्यावा लागेल. फ्रूड क्रमांक सुमारे २१, माथा साडेचार मीटर, टेकताना ३३ पट पातळ, जादा क्षारता ०.९ च्या आत. पण मग तोंडं १६ ऐवजी ६० लागतात. शिवाय शेजारच्या फवाऱ्यांनी एकमेकांचं पाणी खाऊ नये म्हणून तोंडांमधलं अंतर (व्यास × फ्रूड क्रमांक) च्या निदान दुप्पट हवं, इथे ४ मीटरच्या वर. खर्च वाढतो, म्हणून ही रचना आपण होऊन कोणी सुचवत नाही.

प्रकल्प निम्म्या क्षमतेने चालला तर काय? त्याच ६० तोंडांतून निम्मं ब्राइन जातं, वेग दीड मीटरवर येतो, फ्रूड क्रमांक निम्मा, आणि टेकताना जादा क्षारता १.७ होते. म्हणजे उत्पादन घटलं की तळावरचा त्रास दुप्पट. उपाय दोन: वेग टिकवणारे रबरी डकबिल व्हॉल्व्ह, किंवा काही तोंडं बंद करण्याची सोय. यातलं काय केलंय ते लेखी विचारा.

## ५. मॉडेलच्या अहवालात कुठे पाहायचं

शेकडो रंगीत नकाशे असतात. ते बाजूला ठेवा आणि पुढचं शोधा.

मॉडेल खाडीचे चौकोन पाडून गणित करतं. त्या जाळीचा चौकोन किती मोठा आहे? १०० मीटरचा असेल तर ब्राइन सोडल्या क्षणीच पूर्ण चौकोनात मिसळल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षातला दहा-वीस मीटरचा खारट पट्टा नकाशातून गायब होतो. उभ्या दिशेने किती थर आहेत? एकच थर असेल तर तो अहवाल या कामाचा नाही. जड पाणी तळाला बसतं हे त्याला कळतच नाही.

दुसरं, जवळच्या पट्ट्याचं आणि दूरच्या खाडीचं मॉडेल एकमेकांना जोडलंय का? जवळचं मॉडेल गृहीत धरतं की फवारा नेहमी ताजं पाणी ओढतो. बंदिस्त खाडीत तो कालचंच खारट झालेलं पाणी पुन्हा ओढतो. मग ४५ पट पातळ होऊनही खाडीची मूळ क्षारताच वर सरकत राहते. दूरच्या मॉडेलने किमान एक पूर्ण कोरडा मोसम चालवलेला हवा. दोन आठवड्यांत साठा दिसतच नाही.

तिसरं, पडताळणी. मॉडेलचे आकडे आणि प्रत्यक्ष मोजलेले आकडे एका आलेखात दाखवलेत का, आणि ते मोजमाप तळाजवळचं आहे का? पाण्याची पातळी जुळली एवढ्यावर मॉडेल पास होत नाही. पातळी जुळवणं सोपं. तळाचा प्रवाह आणि क्षारता जुळवणं अवघड.

## ६. पाणी ओढणारं तोंड

ब्राइनच्या गोंगाटात हे विसरलं जातं. जाळीवर मोठे मासे चिकटून मरतात, आणि अंडी व पिल्लं जाळीतून आत जाऊन मरतात. कॅलिफोर्नियाच्या २०१५ मधल्या नियमांनी जाळीतून जाणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला ०.१५ मीटरपर्यंत आणि जाळीची फट १ मिलिमीटरपर्यंत मर्यादित केली आणि शक्य तिथे तळाखालून पाणी घ्यायला प्राधान्य दिलं. कमी वेगामुळे पोहता येणारे मासे सुटतात. एक मिलिमीटरपेक्षा छोट्या अंड्यांना मात्र या जाळीचा काही उपयोग नाही.

नुकसानीचा ढोबळ अंदाज असा. रोज २ लाख २२ हजार घनमीटर म्हणजे खाडीच्या ०.१८५ टक्के पाणी. पिल्लं २० दिवस तरंगत राहत असतील तर त्यांपैकी सुमारे ३.६ टक्के ओढली जातात. ४० चौरस किलोमीटरच्या ३.६ टक्के म्हणजे जवळजवळ १४५ हेक्टर खाडीचं उत्पादन गेलं असं समजा. भरपाई म्हणून अधिवास तयार करायचा तर बोलणी या आकड्यापासून सुरू होतात. पण हा हिशोब पिल्लं सगळीकडे सारखी पसरलीत असं धरतो. ओढणारं तोंड खाडीच्या मुखाजवळ असेल तर तो कोसळतो, कारण समुद्रात जन्मलेली पिल्लं तिथूनच दाटीने आत येतात. टेक्सासमधल्या अरान्सस पासच्या अरुंद मुखातून रेड ड्रम माशाची पिल्लं कॉर्पस क्रिस्टी आणि आसपासच्या खाड्यांमध्ये शिरतात. त्या मुखालगतच्या हार्बर आयलंडवरच्या प्रकल्पाला झालेल्या विरोधाचं मूळ हेच होतं.

तळाच्या वाळूखालून पाणी घेता येतं का, हे विचाराच. जपानमध्ये फुकुओकाचा प्रकल्प २००५ पासून समुद्रतळाखालच्या गाळणीतून पाणी घेऊन रोज ५० हजार घनमीटरपर्यंत गोडं पाणी देतो. चिखलाच्या तळावर हे जमत नाही. म्हणून नकार आला तर मातीच्या चाचणीचे निकाल मागा.

## ७. तळाचा ऑक्सिजन

क्षारतेपेक्षा खाडीला लवकर मारते ती ऑक्सिजनची कमतरता. जड थर तळाशी पसरला की खालच्या पाण्याचा हवेशी संबंध तुटतो. २५ अंश तापमानाला ३५ क्षारतेच्या पाण्यात ऑक्सिजन मुळात मावतो तो लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास. तळाचा चिखल रोज चौरस मीटरमागे १ ग्रॅम ऑक्सिजन खात असेल आणि थर अर्धा मीटर जाड असेल, तर रोज लिटरमागे २ मिलिग्रॅमने घट होते. तीन शांत दिवस, आणि तळाचे शिंपले, किडे, खेकडे गुदमरायला लागतात. २ मिलिग्रॅमच्या खाली गेलेल्या पाण्याला मृतप्राय समजतात. पण बऱ्याच माशांना त्रास त्याआधीच सुरू होतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थजवळच्या क्विनाना इथला प्रकल्प २००६ मध्ये सुरू झाला. त्याचं ब्राइन कॉकबर्न साउंडमध्ये जातं. गार्डन आयलंडच्या आडोशाची ती जागा. आधीच्या दशकांतल्या औद्योगिक सांडपाण्याने तिथलं बहुतांश समुद्री गवत आधीच गेलेलं. तिथेही वादाचा मुख्य मुद्दा ठरला तो तळाचा ऑक्सिजन. तुमच्या परवान्याच्या मसुद्यात ऑक्सिजनची अट नसेल तर पहिली हरकत तिथेच घ्या.

## ८. मिठासोबत आणखी काय येतं

रसायनांच्या तक्त्यात पुढचे चार धागे तपासा.

- गाळण्यांचं धुण्याचं पाणी. गाळ बसवायला लोहाचं क्लोराइड वापरतात. गाळण्या उलट्या धुतल्या की ते लालसर पाणी एकदम बाहेर पडतं. इस्रायलमध्ये अश्केलोनच्या प्रकल्पाबाहेर समुद्रात असा लाल पट्टा दिसत असे. गाळ वेगळा काढून जमिनीवर नेण्याची अट मागा.
- क्लोरीन आणि त्याचा उतारा. क्लोरीनने मेम्ब्रेन खराब होतात म्हणून आधी सोडियम मेटाबायसल्फाइटने ते मारतात. हे रसायन जास्त पडलं तर पाण्यातला ऑक्सिजनही खातं.
- खपली रोखणारी रसायनं. त्यांत बहुधा फॉस्फरसयुक्त संयुगं असतात. पाणी लवकर न बदलणाऱ्या खाडीत ती शेवाळाला खत ठरू शकतात.
- मेम्ब्रेन धुण्याची आम्लं, अल्कली आणि डिटर्जंट. वर्षातून काहीच वेळा वापरतात, म्हणून "नगण्य" लिहून सोडतात. उदासीन करून वेगळी विल्हेवाट लावावी, ब्राइनमध्ये मिसळू नये.

ब्राइन सांडपाण्याच्या किंवा वीज केंद्राच्या थंडाव्याच्या पाण्यात मिसळून सोडण्याचा पर्याय चांगला आहे. फ्लोरिडातला टॅम्पा बेचा प्रकल्प वीज केंद्राच्या पाण्यात ब्राइन साधारण ७० पट पातळ करून सोडतो. पण ते केंद्र बंद पडलं तर? कॅलिफोर्नियात कार्ल्सबॅडच्या प्रकल्पाला शेजारचं वीज केंद्र २०१८ च्या अखेरीस बंद झाल्यावर पाणी घेण्या-सोडण्याची व्यवस्था नव्याने उभारावी लागली. सोबतचं पाणी आटलं की उत्पादन आपोआप कमी होईल, अशी अट आधीच लिहून घ्या. आणि केवळ पातळ करण्यासाठी जादा समुद्रपाणी ओढण्याचा प्रस्ताव असेल तर पायरी ६ चा हिशोब वाढीव आकड्याने पुन्हा करा.

## ९. प्रकल्पाआधीची मोजणी

"आधी कसं होतं" याचे आकडे नसतील तर पुढे काहीही सिद्ध होत नाही. शक्य तर दोन वर्षं, निदान एक पूर्ण वर्ष मोजा. सामान:

- क्षारता, तापमान आणि खोली एकत्र नोंदवणारं सीटीडी उपकरण, किंवा लांब केबलचा चालकता मापक (पाण्यातून वीज किती सहज वाहते यावरून क्षारता काढणारा)
- ऑप्टिकल ऑक्सिजन सेन्सर
- हव्या त्या खोलीवर बंद होणारी नमुना बाटली
- जीपीएस, खुणा केलेली वजनाची दोरी, तळाचा चिखल उचलायचा ग्रॅब
- चालकतेचं प्रमाणित द्रावण

हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर या कामाला नको. त्याची चूकच १ च्या आसपास असते आणि तुम्ही शोधताय तो फरक त्याहून कमी असू शकतो.

मोजायची पद्धत: प्रस्तावित विसर्गाभोवती ५०, १००, ३०० आणि १,००० मीटरवर, तळाच्या उताराच्या दिशेने जादा ठिकाणं, आणि परिणाम पोहोचणार नाही अशी किमान दोन-तीन तुलनेची ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी वर, मध्ये आणि तळापासून २० ते ३० सेंटिमीटरवर नोंद घ्या. उपकरण हळू उतरवा; चिखलात रुतलं तर गढूळ पाण्याची नोंद येते. ती टाकून द्या आणि दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे होडीतून वरचंच पाणी बादलीने घेणं. ब्राइन वर येतच नाही, त्यामुळे सगळं आलबेल दिसतं.

चालकतेचे आकडे तापमानाशिवाय लिहू नका. ३५ क्षारतेचं पाणी १५ अंशांना सुमारे ४३ आणि २५ अंशांना सुमारे ५३ मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटर दाखवतं, पाणी तेच. आणखी एक खाच: उपकरणातलं क्षारतेचं नेहमीचं सूत्र ४२ पर्यंतच वैध आहे. थेट ब्राइन मोजायचं असेल तर आधी शुद्ध पाण्याने वजनावर मोजून पातळ करा, मग गुणा. प्रकल्पाच्या नोंदींत "ब्राइन ६४" असेल तर ते कसं काढलं ते विचारा.

## १०. परवान्यात या अटी मागा

हरकत "प्रकल्प खाडीला घातक आहे" एवढीच लिहिली तर ती वाचून बाजूला ठेवतात. आकड्यासकट लिहा.

क्षारतेची मर्यादा अंतरासह हवी. कॅलिफोर्नियात ती विसर्गापासून १०० मीटरवर नैसर्गिक पातळीपेक्षा जास्तीत जास्त २ अशी आहे, दिवसाच्या कमाल आकड्यावर. भूमध्य समुद्रातल्या पोसिडोनिया गवतासाठी स्पेनमध्ये सुचवलेली मर्यादा वेगळ्या धाटणीची: २५ टक्क्यांपेक्षा जास्त नोंदी ३८.५ च्या वर नकोत, ५ टक्क्यांपेक्षा जास्त ४० च्या वर नकोत. गवताला एका दिवसाचा झटका आणि महिनाभराचा ताण दोन्ही मारतात, त्यामुळे दुहेरी अट शहाणपणाची. तुमच्या खाडीतल्या नाजूक प्रजाती पाहून आकडा ठरवा, दुसरीकडचा उचलू नका. मासिक सरासरीवर टेकलेली अट मात्र कधीच मान्य करू नका. भांगाच्या तीन दिवसांतली हानी सरासरीत बुडून जाते.

त्याशिवाय:

- तळाशी सतत नोंद करणारे क्षारता आणि ऑक्सिजनचे सेन्सर, आकडे सर्वांना खुले
- ठरावीक पातळीला पूर्वसूचना, त्यापुढे उत्पादन कपात, त्यापुढे बंद. तिन्हींचे आकडे आणि किती तासांत हे नमूद
- स्थानिक प्रजातींच्या अंडी-पिल्लांवर, रसायनांसकट प्रत्यक्ष विसर्गाची विषारीपणाची चाचणी
- प्रकल्पाचा विस्तार झाल्यास पूर्ण मूल्यांकन नव्याने, आणि खाडीतले इतर प्रकल्प धरून एकत्रित

## ११. प्रकल्प सुरू झाल्यावर

सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रंग सोडून डिफ्यूझरची चाचणी घ्यायला लावा, आणि ती भांगाच्या शांत दिवशी. तुमची स्वतःची मोजणी त्याच ठिकाणी, त्याच खोलीवर चालू ठेवा.

एखाद्या दिवशी तळाची क्षारता चढलेली दिसली तर लगेच तक्रार धाडू नका. आधी उपकरण प्रमाणित द्रावणात तपासा, मग तुलनेच्या ठिकाणी मोजा. तिथेही चढली असेल तर कारण उन्हाळा असू शकतो. फक्त विसर्गाच्या बाजूला, फक्त तळाला चढली असेल तर वेळ, भरतीची स्थिती, खोली आणि जीपीएस लिहून त्याच दिवशी लेखी कळवा आणि प्रकल्पाच्या त्या तासांच्या प्रवाहाच्या नोंदी मागा.

वर्षातून एकदा पाणबुड्यांकडून डिफ्यूझरची व्हिडिओ पाहणी हवी. तोंडावर शिंपले चढून ते अरुंद होतं, रबरी व्हॉल्व्ह फाटतो, नांगर अडकून एखादं तोंड मुळातून तुटतं. तुटलेल्या रुंद भोकातून ब्राइन सहज वाहतं, पाइपातला दाब उतरतो आणि उरलेल्या सगळ्या फवाऱ्यांचा वेग पडतो. नियंत्रण कक्षात एकूण प्रवाह नेहमीइतकाच दिसतो, त्यामुळे तिथे कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून डिफ्यूझरच्या मुळाशी दाबमापक बसवलाय का ते विचारा: प्रवाह तेवढाच आणि दाब उतरलेला दिसला, की पाणबुडे त्याच आठवड्यात खाली उतरले पाहिजेत.